पहिली वापरलेली कॅनोपी घेताना: मुंबईकर स्कायडायव्हरसाठी

लायसन्स हातात पडलं की नवा स्कायडायव्हर सगळ्यात आधी जुन्या सामानाच्या जाहिराती बघायला लागतो. साहजिकच आहे. भाड्याची रिग (पाठीवरचा पूर्ण पॅराशूट संच) जंपमागे 25-30 डॉलर खाते, दर वेळी वेगळी मिळते, हार्नेस कधी ढगळ तर कधी काचणारा. नवी कोरी मेन कॅनोपी, म्हणजे मुख्य छत्री, घ्यायची तर हिशोब दोन हजार डॉलरच्या वर जातो, आणि ऑर्डर दिल्यावर थांबावं लागतं ते वेगळंच. त्यामुळे बहुतेकांची पहिली कॅनोपी वापरलेलीच असते. त्यात कमीपणा काही नाही. नीट पारखून घेतलेली जुनी कॅनोपी शेकडो जंप्स चोख साथ देते.

पण या विषयावर सल्ले देणाऱ्या बहुतेकांचा ड्रॉपझोन (उडी मारण्याचं ठिकाण) घरापासून तासाभरावर असतो. ते दर शनिवार-रविवारी उडी मारतात. मुंबईत राहणाऱ्याचं तसं नाही. शहरात ड्रॉपझोन नाही. आपण पटायाला जातो, दुबईला जातो, कुणी स्पेन गाठतं, कुणी हरियाणात नारनौलला जातं. दहा दिवसांच्या सुट्टीत पंचवीस-तीस जंप्स होतात आणि मग सात-आठ महिने काहीच नाही. मधल्या काळात हात विसरतात, नजर विसरते. म्हणून पुढे जिथे जिथे मर्यादेचा आकडा येईल, तिथे मुंबईकराने एक पायरी अलीकडेच थांबावं, असं माझं ठाम मत आहे. कॅनोपी निवडताना बाकी सगळं याच्या मागून येतं.

घ्यायची घाई आहे का

यूएसपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचं, ए लायसन्स 25 जंप्सवर मिळतं, बी 50 वर. या दोन टप्प्यांच्या मधे कॅनोपी विकत घेऊ नये असं नाही, पण वर्षाला एकच खेप होणार असेल तर पहिलं वर्ष भाड्याच्या रिगवर काढणं शहाणपणाचं. भाड्याच्या सामानाची देखभाल तिथला रिगर (पॅराशूट तपासणारा आणि दुरुस्त करणारा जाणकार) करतो, आणि दोन-तीन वेगवेगळ्या कॅनोपींवर हात बसतो. आपल्याला काय आवडतं हे कळायला तेवढा वेळ लागतोच. वर्षाला दोन खेपा पक्क्या असतील तर मात्र स्वतःची कॅनोपी घ्या. तीच कॅनोपी पुन्हापुन्हा उडवण्याचा फायदा अधूनमधून उडणाऱ्यालाच जास्त होतो.

आकार

कॅनोपीचा आकार चौरस फुटांत मोजतात आणि तो मॉडेलच्या नावापुढे लिहिलेला असतो: 150, 170, 190, 210. पण नुसत्या आकाराला अर्थ नाही. त्याखाली किती वजन लटकणार आहे ते महत्त्वाचं. विमानातून बाहेर पडताना तुमचं जे एकूण वजन असेल ते पौंडांत काढा, त्याला कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागा. येणाऱ्या आकड्याला विंग लोडिंग म्हणतात.

एकूण वजन म्हणजे अंगावरचं सगळं: कपडे, बूट, हेल्मेट, अल्टिमीटर आणि पूर्ण रिग. रिगचं वजन साधारण 10 ते 12 किलो धरा. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2018 मध्ये पटायाला नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा ती साडीसुद्धा याच हिशोबात आली असणार. वजनकाट्यावर सकाळी उपाशीपोटी दिसणारा आकडा इथे कामाचा नाही.

72 किलोच्या माणसाचं उदाहरण घेऊ. वर 12 किलो धरले तर 84 किलो, म्हणजे जवळपास 185 पौंड. 190 च्या कॅनोपीखाली विंग लोडिंग येतं 0.97, 170 च्या खाली 1.09 आणि 210 च्या खाली 0.88. नवख्यांसाठी 1.0 ही मर्यादा जगभर सांगितली जाते. आठवड्याला उडणाऱ्याने 190 घेतली तर कुणी हरकत घेणार नाही. मुंबईच्या या माणसाने मी सांगेन 210 घ्यावी. आठ महिन्यांनी पहिली जंप असेल, वारा अचानक पडलेला असेल, फ्लेअर, म्हणजे जमीन जवळ आल्यावर दोन्ही ब्रेक ओढून वेग मारणं, अर्धा सेकंद उशिरा निघेल. त्या लँडिंगला पायांवर काय येईल याचा विचार करून आकार ठरवायचा. हंगामाच्या शेवटच्या दिवशीचं सुरेख लँडिंग डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला आकार हमखास लहान निघतो.

अंगाने लहान असलेल्यांनी आणखी जपावं. 58 किलोच्या मुलीचं रिगसकट वजन 69 किलो, म्हणजे 152 पौंड. 150 ची कॅनोपी घेतली तर विंग लोडिंग 1.01 येतं आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. पण कॅनोपी जितकी लहान तितक्या तिच्या लाइन्स (दोऱ्या) आखूड, आणि आखूड लाइन्सची कॅनोपी टॉगलला, म्हणजे वळण्याच्या आणि ब्रेकच्या मुठींना, चटकन उत्तर देते, वळणात उंची झपाट्याने गमावते. 1.0 विंग लोडिंगची 150 आणि 1.0 विंग लोडिंगची 210 सारख्या वागत नाहीत. या मुलीने 170 वर, जमल्यास 190 वर थांबावं.

आपल्याकडे मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेतात, पुढे दोन वर्षं चालतील म्हणून. कॅनोपी घेतानाही नेमका हाच विचार लोक उलट्या दिशेने करतात: आता थोडी लहान आहे, पण पुढे आपण तिच्या लायक होऊच. विक्रेतेही हेच सांगतात. हे ऐकू नका. मोठ्या कॅनोपीवरून लहान कॅनोपीवर जाताना मोठी विकता येते, वापरलेल्या सामानाचा बाजार त्यावरच चालतो. मोडलेला घोटा मात्र परत विकता येत नाही.

जाता जाता दोन गोष्टी. एकाच आकड्याच्या दोन कंपन्यांच्या कॅनोपी प्रत्यक्षात सारख्या नसतात, कारण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. आणि हवा पातळ असेल तर कॅनोपी जास्त वेगाने जमिनीवर येते. पटाया आणि दुबई समुद्रसपाटीला आहेत, पण उन्हाळ्यात नारनौलसारख्या ठिकाणी उष्णता आणि उंची मिळून फरक जाणवतो. तोही एक पायरी अलीकडे थांबण्याच्याच बाजूने बोलतो.

कापड आणि मॉडेल

कापडाचे दोन प्रकार. एफ-111 म्हणून ओळखलं जाणारं कापड थोडी हवा आरपार जाऊ देतं, आणि वापराबरोबर ते आणखी जाऊ देतं. तीनेकशे जंप्सनंतर अशा मेन कॅनोपीचा फ्लेअर मवाळ व्हायला लागतो, आणि हे हळूहळू होत असल्याने जुन्या मालकाला ते जाणवतही नाही. झीरो-पी कापडावर सिलिकॉनचा थर असतो, हवा जवळजवळ जातच नाही, आणि ते हजार-दीड हजार जंप्सनंतरही चांगलं उडतं. पॅक करताना ते निसरडं लागतं, पिशवीत कोंबताना नवख्याचा घाम निघतो, पण घ्यायची ती झीरो-पीच. जुनी एफ-111 स्वस्तात मिळते, तिला नव्या लाइन्स घालाव्या लागल्या की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. रिझर्व्हची, म्हणजे मेनने दगा दिला तर उघडायच्या राखीव छत्रीची, गोष्ट वेगळी. रिझर्व्ह आजही हवा थोडी जाऊ देणाऱ्या कापडाच्याच असतात, कारण त्या क्वचित उघडतात आणि अचूक उघडणं हे त्यांचं काम असतं.

मॉडेलमध्ये नवख्याने चौकोनी किंवा किंचित निमुळत्या कॅनोपी बघाव्यात. परफॉर्मन्स डिझाइन्सच्या सेबर 2, स्पेक्टर आणि सिल्हूट, एरोडाइनची पायलट, आयकॅरसची सफायर 2 ही नावं वापरलेल्या बाजारात सारखी दिसतात आणि योग्य आकारात चांगली आहेत. स्पेक्टर सात सेलची (सेल म्हणजे हवा भरणारे कप्पे) आहे. सात सेलच्या कॅनोपी साधारणपणे शांत उघडतात आणि थोड्या तीव्र उतारावर येतात. नऊ सेलच्या जास्त लांब तरंगतात आणि फ्लेअरला जास्त साथ देतात. दोन्ही चालतील. जुन्या पहिल्या सेबरबद्दल कडक उघडण्याची तक्रार फार जुनी आहे. पुष्कळांनी तिला मोठा स्लायडर (लाइन्सवरून खाली घसरत उघडण्याचा वेग आवरणारा कापडी चौकोन) लावून घेतला, तेव्हा ती दिसली तर स्लायडर बदललाय का ते विचारा. स्टिलेटो, कटाना, वेलॉसिटी या नावांवर थांबूसुद्धा नका, किंमत कितीही मोहात पाडणारी असो.

कामशेतला पॅराग्लायडिंग करणारे मित्र असतील तर ते आपली जुनी विंग देऊ करतील. ती उडी मारण्यासाठी नसते. वेगाने पडत असताना उघडण्याचा झटका सोसायची तिची रचनाच नाही. जुन्या बाजारात कधी दिसणाऱ्या लष्करी छत्र्यांनाही हाच नियम: सजावटीला न्या, उडीला नाही.

विक्रेत्याला विचारायचं ते

पहिल्याच निरोपात सीरियल नंबर आणि माहितीच्या लेबलचा फोटो मागा. लेबलवर मॉडेल, आकार, सीरियल नंबर आणि तयार झाल्याची तारीख असते. नंबर कंपनीला कळवला तर ती कॅनोपी मुळात कशी बनवली, कुठल्या लाइन्सवर, हे बहुतेक कंपन्या सांगतात. चोरीच्या सामानाच्या याद्याही सीरियल नंबरवरूनच फिरतात. नंबर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याशी पुढे बोलू नये.

मग विचारा: एकूण जंप्स किती, आणि सध्याच्या लाइन्सवर किती? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आठशे जंप्सची कॅनोपी नव्या लाइन्सवर असेल तर ती चारशे जंप्सच्या जुन्या लाइन्सवाल्या कॅनोपीपेक्षा चांगला सौदा ठरू शकते. लाइन्स कुणी बदलल्या, ठिगळ आहे का, असेल तर कुणी लावलं? जंप्स कुठे झाल्या? वाळवंटात आणि समुद्रकाठी वापरलेल्या कॅनोपीत वाळू शिरते आणि आतून कापड आणि लाइन्स घासत राहते. कधी समुद्रात पडली का, आणि पडली असल्यास लगेच गोड्या पाण्याने खळखळून घेतली का? कधी धुतली का? कॅनोपी साबण लावून धुणं म्हणजे थर उतरवणं. उन्हात किती वेळ पसरलेली असायची? नायलॉनला ऊन मारतं, आणि ते डोळ्यांना उशिरा दिसतं.

वर्षांवर फार जाऊ नका. 2008 ची, कपाटात राहिलेली, तीनशे जंप्सची कॅनोपी 2019 च्या बाराशे जंप्सवालीपेक्षा जास्त तरुण असू शकते. पण कपाट कुठलं होतं तेही बघा. दमट गोदामात पाच वर्षं पडून असलेल्या पिशवीत लाइन्स जोडणाऱ्या धातूच्या लिंक्सवर गंज आणि कापडावर बुरशीचे ठिपके सापडतात.

लाइन्स

माझ्या मते वापरलेली कॅनोपी घेणं म्हणजे निम्मं लाइन्स घेणं. कापड टिकतं, लाइन्स संपतात, आणि नवखा माणूस कापडाच्या रंगावर भाळून लाइन्सकडे बघतच नाही.

आधी कुठल्या लाइन्स आहेत ते ओळखा. डॅक्रॉन जाड, मऊ, किंचित ताणली जाणारी. उघडताना झटका कमी देते, आकसत नाही, जागा मात्र जास्त घेते. स्पेक्ट्रा, जिला मायक्रोलाइनही म्हणतात, ती बारीक, पांढरी आणि नवख्यांच्या कॅनोपींवर सगळ्यात जास्त दिसणारी. व्हेक्ट्रान पिवळसर. एचएमए सगळ्यात बारीक. शेवटच्या दोन आकसत नाहीत, पण झिजतात, आणि कधीकधी फारशी सूचना न देता तुटतात. म्हणून त्यांना जंप्सच्या आकड्यावरच बदलायचं असतं, दिसण्यावर जायचं नाही.

स्पेक्ट्राचा गुण-दोष नीट समजून घ्या, कारण बहुधा तुमच्या वाट्याला तीच येणार. प्रत्येक उघडण्यात स्लायडर खाली घसरतो आणि त्याच्या कड्यांच्या घर्षणाने लाइन तापते. स्पेक्ट्रा उष्णतेने आकसते. सगळ्या लाइन्स सारख्या आकसल्या असत्या तर बिघडलं नसतं; पण ब्रेक लाइन्स आणि बाहेरच्या बाजूच्या लाइन्स जास्त आकसतात, मधल्या कमी. पाचेकशे जंप्समध्ये ब्रेक लाइन्स काही इंचांनी आखूड होऊ शकतात. मग कॅनोपी टॉगल पूर्ण वर सोडले तरी थोडी ब्रेकमध्येच उडत राहते, उघडताना डावी-उजवी भरकटते आणि फ्लेअरला जोर उरत नाही. जुना मालक म्हणतो, ही अशीच आहे, सवय होईल. सवय करून घेऊ नका, नव्या लाइन्सचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. लाइनसेट आणि मजुरी मिळून तीनशे-चारशे डॉलर सहज जातात.

आता हाताने तपासा. टॉगलच्या वर ब्रेक लाइनमध्ये एक छोटं छिद्र विणलेलं असतं, ज्यात टॉगलचं टोक अडकवून ब्रेक लावून ठेवतात. त्याच्या आजूबाजूचा चार बोटं भाग दोन्ही हातांत धरून उजेडाकडे न्या. नवी लाइन घट्ट विणलेली आणि गुळगुळीत असते. झिजलेली असेल तर तिच्यावर बारीक लव उभी राहते, बोट फिरवलं की केसाळ लागते, आणि छिद्राच्या खालच्या काठाला लाइन चपटी, पातळ झालेली दिसते. सगळ्यात आधी संपणारी जागा हीच. एकदोन धागे उठले म्हणून घाबरायचं कारण नाही. पण लव एवढी दाट की वीण दिसत नाही, अशी अवस्था असेल तर खालच्या ब्रेक लाइन्स जंपच्या आधी बदलायच्याच. नुसत्या तेवढ्या बदलता येतात, आणि ते काम पूर्ण लाइनसेटच्या मानाने स्वस्त आहे.

मग डावी-उजवी जुळणी. दोन्ही बाजूंच्या लिंक्स एकत्र धरून एका खिळ्याला किंवा मित्राच्या हातात द्या. डावीकडची आणि उजवीकडची तीच लाइन, म्हणजे डावी ए (सगळ्यात पुढच्या रांगेतली) आणि तिच्या जोडीची उजवी ए, सारख्याच ताणाने ओढा. टोकं बरोबरीला यायला हवीत. बोटभर फरकही दिसला तर लिहून ठेवा आणि रिगरला दाखवा. पूर्ण माप कंपनीच्या ट्रिम चार्टशी (लाइन्सच्या लांबीच्या तक्त्याशी) ताडून बघणं हे रिगरचं काम. ते त्याच्याकडून करूनच घ्या.

कापड उलगडून बघताना

190 ची कॅनोपी पसरली की रुंदीला जवळपास बावीस फूट आणि लाइन्ससकट लांबीला वीस फूट जागा लागते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ते होणार नाही. गच्चीवर करू नका. खडबडीत लादी आणि ऊन दोन्ही वाईट. सोसायटीचा क्लबहाऊस हॉल किंवा तासावर मिळणारं बॅडमिंटनचं लाकडी कोर्ट उत्तम. आधी झाडून घ्या, खाली स्वच्छ चादरी पसरा, चपला बाहेर. जवळ उदबत्ती, सिगरेट काही नको. एक ठिणगी नायलॉनला भोक पाडते.

वरच्या बाजूपासून सुरुवात करा. पायलट शूटची (मेनला बाहेर ओढून काढणाऱ्या छोट्या छत्रीची) पट्टी जिथे कॅनोपीला जोडलेली असते तिथे सगळ्यात जास्त ओढ बसते. तिथली शिवण उजेडाकडे धरा. सुईची भोकं गोल असतील तर ठीक. ती लांबट झालेली, ओढलेली दिसली, तर कडक उघडण्यांचा इतिहास आहे. मग कॅनोपीचा पुढचा काठ उचलून एकेक सेलमध्ये टॉर्च टाका. आतल्या पडद्यांना हवा जाण्यासाठी गोल खिडक्या असतात. त्यांच्या कडा फाटल्यात का बघा. बाहेरून नवी दिसणारी कॅनोपी इथे आतून उघडी पडते. छोटं, सफाईने लावलेलं ठिगळ चालतं. शिवणीवरून गेलेलं किंवा लाइन जोडतात त्या जागेजवळचं ठिगळ असेल तर कुणी केलं याचा कागद मागा.

कापड झीरो-पी आहे म्हणून सांगितलं असेल तर तोंडाला लावून श्वास ओढून बघा. हवा यायला नको. ही ढोबळ परीक्षा आहे, पण एफ-111 ला झीरो-पी म्हणून खपवणारा तिथे सापडतो.

स्लायडरच्या कड्यांवरून आतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर कड उठलेली आहे, आणि तीच कड प्रत्येक जंपला लाइन्स कापत आली आहे. लिंक्स धातूच्या असतील तर घट्ट आहेत ना, गंज नाही ना हे बघा. कापडी असतील तर झिजल्यात का ते. पायलट शूटही सोबत येत असेल तर ते उघडून तयार स्थितीत आणा. मधली किल लाइनही (कॅनोपी उघडल्यावर पायलट शूट मिटवणारी दोरी) बहुधा स्पेक्ट्राची असते आणि आकसते. आकसली की पायलट शूट पूर्ण फुगत नाही आणि उघडायला वेळ लावतं. हे तपासायला एक मिनिट लागतं आणि लोक विसरतात.

कंटेनर (कॅनोपी भरायची हार्नेसची पाठपिशवी) आधीच घेतला असेल तर कॅनोपी त्यात बसते का हे कंपनीच्या तक्त्यावरून पक्कं करा. कोंबून बसवलेली मेन आणि सैल हिंडणारी मेन, दोन्ही धोक्याच्या. कंटेनर अजून घ्यायचा असेल तर मेनसोबत रिझर्व्हचाही आकार विचारात घ्या. लहान कंटेनरमध्ये रिझर्व्हही लहान येते, आणि रिझर्व्हखाली उतरायची वेळ आली तर ती अनोळखी जागी, घाबरलेल्या हातांनी उतरायचं असतं.

रिगर, पैसे आणि विमानतळ

तुमची तपासणी ही वाईट कॅनोपी नाकारण्यापुरती. चांगली आहे असं म्हणण्याचा हक्क रिगरचा. मुंबईत बसून परदेशातला माल मागवायचा असेल तर माझा सल्ला असा: कॅनोपी मुंबईच्या पत्त्यावर मागवू नका. पुढची खेप ज्या ड्रॉपझोनला आहे तिथल्या लॉफ्टच्या (रिगरच्या कार्यशाळेच्या) पत्त्यावर पाठवायला सांगा, तिथल्या रिगरशी आधी बोलून ठेवा, आणि विक्रेत्याशी लेखी ठरवा की रिगरने पसंत केली तरच सौदा पक्का, नाहीतर परतीचा खर्च कुणाचा. प्रामाणिक विक्रेते याला तयार होतात. बँकेतून परदेशी पाठवलेले पैसे परत मिळवणं फार जिकिरीचं असतं, तेव्हा पूर्ण रक्कम आधी देऊ नका. शक्य असेल तिथे पैसे देण्यापूर्वी एक-दोन जंप्स मागा. ज्या मॉडेलचा अंदाज नाही त्याची डेमो कॅनोपी कंपन्या भाड्याने देतात. आधी तीच उडवून बघणं उत्तम.

रिगरकडे गेल्यावर रिझर्व्हही त्याच फेरीत उरकून घ्या. अमेरिकेच्या नियमाने रिझर्व्ह दर 180 दिवसांनी पुन्हा पॅक व्हावी लागते. इतर ठिकाणी मुदत वेगळी असेल, पण दोन खेपांच्या मधे तुमची मुदत बहुधा संपलेलीच असणार.

घरी आणताना रिग सामानात टाकू नका, हातात ठेवा. एएडीच्या (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राच्या) कंपन्या क्ष-किरणात रिग कशी दिसते त्याचं कार्ड देतात. ते वर ठेवा, एअरलाइनला आधी विचारा आणि तपासणीसाठी वेळ हाताशी ठेवा. सुरक्षा रक्षकांना शांतपणे समजावून सांगितलं तर ते ऐकून घेतात, फक्त हँडल कुणी ओढणार नाही याकडे लक्ष असू द्या. खरेदीची पावती जवळ ठेवा, कस्टम्सचं शुल्क लागू शकतं हे धरून चाला. आणि पुढच्या वेळी रिग घेऊन मुंबईहून निघताना कस्टम्सच्या काउंटरवर एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना हे सामान आपलंच, इथूनच नेलेलं, हे दाखवायला तोच कागद लागतो.

पावसाळ्यात ठेवताना

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा सामानाला सोसत नाही. रिग आतल्या कोरड्या कपाटात, जमिनीपासून वर, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या बंद पिशवीत ठेवा. पुड्या महिन्या-दीड महिन्याने बदला. डांबराच्या गोळ्या टाकू नका. रसायन आणि नायलॉन यांची गाठ न पडलेली बरी. स्वयंपाकघराच्या माळ्यावर, इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ किंवा गाडीच्या डिकीत अजिबात नाही. उंदरांचा वावर असलेल्या इमारतीत पत्र्याची पेटी घ्या. पाऊस संपला की एकदा हॉल घेऊन कॅनोपी उलगडा, वास घ्या, लिंक्स बघा, सावलीत वारा लागू द्या.

पहिल्या जंप्स

नव्या कॅनोपीवरची पहिली जंप एकट्याने, गर्दी नसताना करा आणि कॅनोपी पाच हजार फुटांच्या आसपास उघडा. वर असताना टॉगल पूर्ण सोडून बघा: ब्रेक लाइन्सना हलका झोळ दिसायला हवा. झोळ नसेल तर लाइन आखूड आहे. उतरून रिगरकडे जा. मग आजूबाजूला नजर टाकून हळूहळू फ्लेअर करा आणि कॅनोपी कुठल्या बिंदूला उडणं थांबवते (स्टॉल होते) ते शोधा: छातीशी, कमरेशी, की हात पूर्ण लांब केल्यावर. तीन-चार वेळा करा, म्हणजे हाताला आठवण राहील. ब्रेक अर्धे ओढून सपाट वळणं घ्या, उंची किती जाते ते अल्टिमीटरवर बघा. हे सगळं तीन हजार फुटांच्या वर संपवा आणि मग सरळ, साधा पॅटर्न (उतरण्याचा ठरलेला मार्ग) धरून उतरा.

उतरल्यावर लॉगबुकात नुसता जंपचा नंबर लिहून थांबू नका. उघडायला किती वेळ लागला, कुठल्या बाजूला वळली, स्टॉल कुठे आला, वारा किती होता, फ्लेअर कुठून सुरू केला तेव्हा लँडिंग मऊ झालं, हे सगळं चार ओळींत लिहा. आठ महिन्यांनी विमानात बसण्याआधी त्याच चार ओळी वाचायच्या, आणि पहिली जंप पुन्हा एकट्याने, पुन्हा पाच हजारांवर उघडून करायची.